बाईंनी बसवलेलं फुलपाखरू

सर फुलपाखरं मारत नसत. ती मरायची वाट बघत.

परभणीला जिल्हा वार्ताहर म्हणून गेलो तेव्हा मी त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिलो. खाली सर आणि बाई. सर महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते, बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून. गल्ली त्यांना बाई म्हणायची आणि नवराही बाईच म्हणायचा. मूलबाळ नव्हतं. पुढच्या खोलीत, जिथं इतरांच्या घरी सोफा आणि टीव्ही असतो तिथं, एक लांब टेबल होतं. टेबलाचा प्रत्येक पाय पाणी भरलेल्या वाटीत उभा. मुंग्या वर चढू नयेत म्हणून. या वाट्या रोज सकाळी भरायचं काम बाईंचं. टेबलावर जुन्या मच्छरदाणीचे पिंजरे आणि मलमलीनं तोंड बांधलेल्या काचेच्या बरण्या. बरण्यांत किडकी डाळिंबं, चिंचा, बोरीच्या डहाळ्या. खोलीला कायम आंबूस वास असे. घर बघायला गेलो तेव्हा माझा हात नाकाकडं गेला. ते बघून बाई म्हणाल्या, "सवय होती दोन दिसात. न्हाई झाली तर वर पंखा हाय."

सरांना सगळी फुलपाखरं नको होती. फुलांवर बागडणारी मोठी, रंगीत फुलपाखरं त्यांच्या लेखी लग्नाच्या बँडसारखी होती. लांबून दिसतात, मान वळवावी लागत नाही. त्यांचा जीव एकाच गटावर होता. अंगठ्याच्या नखाएवढी किंवा थोडी मोठी, बसली की राखाडी दिसणारी, मागच्या पंखांना केसासारख्या बारीक शेपट्या असलेली. पंख मिटून बसलं की हे फुलपाखरू शेपट्या हलवत राहतं. शेपट्यांच्या मुळाशी काळा ठिपका असतो. पक्ष्याला वाटतं हा डोळा, या मिशा, म्हणजे हेच डोकं. तो तिथं चोच मारतो, पंखाचा तुकडा घेऊन जातो आणि फुलपाखरू जिवंत सुटतं. हे सांगताना सर पाठमोरे होऊन शर्टाचं मागचं टोक दोन बोटांनी हलवून दाखवत. जनगणनेला आलेल्या शिक्षिकेलाही त्यांनी ते दाखवलं होतं.

या शेपटीवाल्यांच्या जाती ओळखणं कठीण. एक रेघ तुटक आहे की सलग, तेवढ्यावर नाव बदलतं. पुष्कळदा तेवढ्यानंही भागत नाही. मग फुलपाखराचं पोट काढून औषधी पाण्यात गरम करावं लागतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली आतले अवयव बघावे लागतात. पंख फसवतात, पोट फसवत नाही, असं सर म्हणत.

लग्नानंतर काही वर्षं सरांकडं मारायची बरणी होती. तळाशी विषारी औषध, वर प्लास्टर. फुलपाखरू आत सोडलं की क्षणभरात संपायचं. शेपट्या शाबूत, रंग जसाच्या तसा. घर बौद्ध. बाईंचं माहेर बोरी गावचं, त्यांच्या वडिलांनी पहिल्याच लाटेत दीक्षा घेतलेली, आणि बाईंनी धम्म भिंतीवरच्या तसबिरीपुरता ठेवला नव्हता. एका बुद्धपौर्णिमेला विहारातून परत आल्यावर त्यांनी ती बरणी टेबलावरून उचलून सरांच्या ताटापुढं ठेवली. हा प्रसंग सर दोन्ही बाजूंनी वठवून सांगत.

"आज पंचशील कुणी म्हटलं?"

"सगळ्यांनी."

"तुमी?"

"मी पण म्हटलं."

"पहिलं शील काय हाय?"

"जीव घ्यायचा नाही."

"मग ही बरणी कुणाची?"

सर म्हणाले, शास्त्राचं काम आहे, त्यात हिंसेचा हेतू नाही. शिवाय तुम्ही डास मारता की.

"डास चावतो," बाई म्हणाल्या. "हे काय करतंय तुमचं?"

सरांनी दुपारी परसात खड्डा करून बरणी पुरली. त्यानंतर घरात एकही फुलपाखरू मारलं गेलं नाही. सर अळ्या आणत, वाढवत, कोषातून फुलपाखरू बाहेर आलं की पिंजऱ्यात कापसाच्या बोळ्यावर साखरपाणी ठेवत आणि थांबत. फुलपाखरू पिंजऱ्याच्या जाळीवर आपटून आपटून म्हातारं व्हायचं. तोवर शेपट्या तुटलेल्या, कडा फाटलेल्या, पंखांवरची पूड झडलेली. मग एका सकाळी ते तळाशी आडवं मिळायचं. मेल्यावर सुया टोचून पंख पसरायचे, तुटका भाग बाभळीच्या पातळ डिंकानं जोडायचा आणि खाली चिठ्ठी लावायची: गाव, झाड, कुणी आणलं. जोडलं असेल तर चिठ्ठीवर 'दुरुस्त' असा शब्द.

त्यामुळं सरांचा संग्रह देशातल्या कुठल्याही संग्रहापेक्षा वाईट दिसायचा. पुण्या-मुंबईचे हौशी लोक त्याला भंगारखाना म्हणायचे. सरांना ते माहीत होतं. "त्यांच्याकडं तरणीताठी मेलेली हायेत," ते म्हणायचे. "माझ्याकडं आयुष्य काढलेली." हे ते अभिमानानं म्हणत नसत. अर्ध्या झडलेल्या पंखावरून जात ओळखताना कधी कधी चुकायचं, हे त्यांना कबूल होतं. म्हणून नावापुढं ते 'असावं' लिहीत. बोलण्यातही तेच. रिक्षावाल्यानं विचारलं, "सर, जिंतूर रोडलाच राहताव ना?" तरी उत्तर यायचं, "असावं." माझ्या बातम्या ते रोज वाचत आणि भेटले की बोट ठेवत. "तुम्ही 'निश्चित' लिहिलंय. कुणी पोट उघडून बघितलं होतं का?" सुरुवातीला मला याचा वैताग यायचा. पुढं मी तो शब्द वापरणं कमी केलं.

डाळिंबाच्या फळात शिरणारी अळी याच गटातली. शेतकरी तिला सुरसा म्हणतात आणि फवारणी करतात. सर तिच्यासाठी मंडईत जाऊन किडकी डाळिंबं मागत. तिथला म्हातारा फळवाला बेजार व्हायचा.

"सर, सडेला माल कायको नेताव? बाईंची तब्येत बरी न्हाई का? चांगला न्या ना."

"चांगला नको."

"अरे, पैशाचं सोडा, चांगला घ्या म्हणायलोय मी."

एकदा त्यानं नजर चुकवून पिशवीत एक लालबुंद, निरोगी डाळिंब टाकलं. सर घरी आले, पिशवी रिकामी केली, ते फळ फिरवून फिरवून पाहिलं आणि तसेच उलट पावली मंडईत गेले. फळवाल्याच्या हातात ते ठेवून म्हणाले, "यात कुणी नाही."

वर्षातून काही वेळा ते चारठाण्याला जात. लोक देवळं बघायला जातात. सर एका आंब्यासाठी जात. गावाबाहेर ओढ्याकाठी तो होता आणि त्याच्या फांद्यांवर बांडगूळ माजलं होतं. बांडगूळ झाडाचा रस शोषतं, पण काही शेपटीवाल्या जातींच्या अळ्या फक्त बांडगुळाचीच पानं खातात. सर एसटीत लांब दांड्याची जाळी घेऊन चढत. बोरी सोडली की कंडक्टर हटकायचा.

"मासे धरायला चाललाव का सर? मग येलदरी धरणाचं तिकीट घ्या."

"मासे नाहीत. बांडगूळ बघायचंय."

"त्यासाठी कशाला चारठाण्याला जाताव? आमच्या डेपोत लय हायेत."

गाडी हसायची. सर हसत नसत, कारण त्यांनी ऐकलेलं नसे. ते खिडकीतून झाडांचे शेंडे बघत.

आंब्याचा मालक त्यांच्याच वयाचा शेतकरी होता. दर वर्षी तो बांडगूळ छाटायला निघायचा आणि दर वर्षी सर त्याला थांबवायचे. "सर, हे बेणं माझा आंबा खायलंय," तो म्हणायचा. सर म्हणायचे, "अर्धं छाटा, अर्धं ठेवा. कुठलं अर्धं ते मी सांगतो." आणि खरंच ते कोयता घेऊन शिडीवर चढत. मालकाला ते वेडे वाटत असणार, पण मास्तर माणूस म्हणून तो ऐकायचा. बांडगुळाच्या पानावर अळी शोधायची तर आधी मुंग्या शोधाव्या लागतात. अळीच्या अंगातून गोड रस पाझरतो आणि मुंग्या तिची राखण करतात. सर झाडावरच्या मुंग्यांविषयी नेहमी आदरानं बोलत.

तिथंच त्यांना ती अळी सापडली होती. ही गोष्ट मी परभणीला येण्याच्या आधीची, पण ती मी इतक्या वेळा ऐकली की स्वतः पाहिल्यासारखी सांगू शकतो. एकच अळी. घरी आणली, वाढवली, तिचा कोष झाला. आणि नेमकं सरांना पेपर तपासायला औरंगाबादला बोलावणं आलं. उन्हाळ्याचे दिवस. टाळता येईना म्हणून ते गेले. परतले तेव्हा टेबलावर, पंख पसरायच्या फळीवर, एक फुलपाखरू नीट सुया टोचून बसवलेलं होतं. पंखांची वरची बाजू मोराच्या गळ्यासारखी निळी. शेपट्या शाबूत. पूड झडलेली नाही. सरांकडं एवढं अखंड दुसरं काही नव्हतं. बाई म्हणाल्या, बाहेर आलं, फार जगलं नाही, तुमी करता तसं बसवलं.

पुस्तकांतल्या माहितीनुसार तशी जात मराठवाड्यात मिळायला नको होती. सरांनी एका नियतकालिकात लहानसं टिपण लिहिलं. त्यात हे एक वाक्य होतं: 'नमुना अखंड असून कोणतीही दुरुस्ती केलेली नाही.' संपादकांनी टिपण छापलं, पण खाली ओळ टाकली की अवयवांची तपासणी झाल्याशिवाय ही नोंद पक्की धरता येत नाही. सरांनी तपासणी केली नाही. पोट काढायचं म्हणजे फुलपाखरू मोडायचं, आणि नमुना एकच. ते दुसऱ्याची वाट बघत राहिले. दर वर्षी आंब्याकडं गेले. दुसरं मिळालं नाही.

घरी कुणी आलं की सर ती पेटी उघडत आणि सांगत, "हे बाईंनी बसवलंय. माझ्याच्यानं इतकं सरळ कधी बसलं नाही." बाई त्या वेळी खोलीत थांबत नसत. लाजतात, असं मला वाटायचं.

पुण्याहून एक तरुण संशोधक आली तेव्हा मला तिथं राहायला लागून बरीच वर्षं झाली होती. मराठवाड्यातल्या फुलपाखरांची यादी करण्याचं काम तिच्याकडं होतं. मुलगी अभ्यासू आणि नम्र. परभणी जिल्ह्यातल्या शेपटीवाल्यांविषयी जे काही छापून आलं होतं ते जवळपास सगळं सरांचंच होतं, त्यामुळं ती आधी त्यांच्याकडं आली. सरांच्या डोळ्यांत तोवर दोष आला होता. ऑपरेशन झालं होतं, पण बारीक रेघ दिसत नव्हती. ज्या माणसाचं सगळं काम एका रेघेवर चालायचं, त्याला ती रेघ दिसेनाशी झाली होती. तिनं पोट तपासायची परवानगी मागितली आणि या वेळी सर हो म्हणाले. मला म्हणाले, "माझ्या हयातीत नाव लागून जाऊ द्या. 'असावं' घेऊन किती दिवस बसू?"

त्या रविवारी मी खाली होतो. संशोधकानं स्वयंपाकघरातून मागून घेतलेल्या पातेल्यात पाणी गरम केलं, त्यात औषधाची नळी ठेवली, आणि अगदी हलक्या हातानं फुलपाखराचं पोट वेगळं केलं. वेगळं करताना ती थबकली आणि भिंगातून जोडाकडं बघत राहिली. नंतर सूक्ष्मदर्शकावर वाकली. बराच वेळ वाकूनच होती. बाई फोडणीच्या चुरमुऱ्यांच्या, म्हणजे सुशीलाच्या, बश्या घेऊन दारात आल्या आणि तिथंच थांबल्या.

"सर," ती म्हणाली, "पंख नराचे आहेत ना?"

"नराचेच. मादी इतकी निळी नसते."

"पोट मादीचं आहे. आणि याच जातीचंही नाही. डाळिंबावरच्या जातीचं वाटतंय."

सरांनी भिंग मागून घेतलं आणि जोडावर धरलं.

"जोडाला डिंक आहे," ती म्हणाली. मग तिनं सरांना सुटायला वाट करून दिली; हे मी तिच्या बाजूनं नोंदवतो. "दुरुस्ती करताना अशी अदलाबदल होते सर. दोन पोटं गळून पडलेली असतील, चुकून दुसरं लागलं असेल. हे बसवलं कुणी होतं?"

"मी," सर म्हणाले.

दारात बशी बशीवर वाजली.

"पण टिपणात तुम्ही लिहिलंय की दुरुस्ती नाही."

"लिहिलंय."

"म्हणजे तुम्हाला आठवलं नसेल तेव्हा."

"आठवत होतं. चिकटवायचं काम या घरात मीच करतो. केलं आणि लिहिलं नाही."

ती मुलगी गोंधळली. मग तिनं जे विचारणं भाग होतं ते विचारलं. "सर, मग बाकीच्या नोंदींचं मी काय करू?"

"ते तुम्ही ठरवा," सर म्हणाले. "मी तुमच्या जागी असतो तर धरल्या नसत्या."

तिनं सुशीला खाल्ली नाही. जाताना सरांच्या पाया पडली, बाईंच्याही पडली, आणि रिक्षात बसली.

संध्याकाळी बाई जिन्यानं वर आल्या. त्या कधी वर येत नसत, गुडघे दुखायचे. शेवटच्या पायरीवर बसून म्हणाल्या, "ते मी केलंय."

"मला वाटलंच," मी म्हणालो.

त्यांनी सांगितलं ते असं. सर औरंगाबादला होते. बोरीला भावाच्या मुलीची सोयरीक ठरत होती म्हणून बाई दोन दिवस माहेरी गेल्या. वैशाखातलं ऊन. वाट्यांतलं पाणी आटलं. परत येऊन कुलूप काढलं तर टेबलाच्या पायावरून मुंग्यांची रांग. फुलपाखरू कोषातून बाहेर आलं होतं आणि मुंग्यांनी त्याचं पोट खाऊन टाकलं होतं.

"पंख तेवढे राहिले. पंख न्हाई खात मुंग्या," बाई म्हणाल्या. "मी तिथंच बसले. एका अळीसाठी ते शिडीवर चढायचे, माहीत हाय का? जाताना मला सांगून गेले होते, वाट्यांकडं बघा. तेवढंच सांगितलं होतं. डाळिंबाच्या बरणीत एक मरून पडलं होतं. त्याचं पोट काढलं आन् लावलं. डिंक लावताना रोजच बघत होते की मी त्यांना. मला वाटलं, लोक पंखच बघत्यात."

"मग आले तेव्हा सांगितलं का नाही?"

"सांगणार होते. पण ते आले, बघितलं आन् इतके खूश झाले, जेवले सुद्धा न्हाईत. म्हटलं आज नको. उद्या सांगू. मग त्यांनी छापून आणलं. त्याच्यावर काय सांगायचं?" कठडा धरून उठत म्हणाल्या, "आता सांगते. आज त्यांनी सगळं आपल्या अंगावर घेतलं, आता सांगायलाच पायजे."

सरांना त्यांनी सांगितलं नाही. म्हणजे त्यांना सांगू दिलं गेलं नाही. दोन दिवसांनी सर फिरायला जाताना मला सोबत घेऊन गेले. विद्यापीठाच्या रस्त्याला लागल्यावर म्हणाले, "बाई वर आल्या होत्या ना?"

"हो."

"त्या काही सांगायला बसल्या की मी रेडिओ मोठा करायलोय."

"तुम्हाला कळलं होतं?"

"त्या रविवारी भिंगातून डिंक बघितला तेव्हाच. मी डिंक पाण्यासारखा पातळ करतो. बाई पाकासारखा घट्ट करतात. सगळंच घट्ट करतात त्या."

"मग ऐकून का घेत नाही?"

"ऐकलं की उत्तर द्यावं लागेल. राग आला नाही म्हणालो तर ते खोटं होईल. राग आला म्हणालो तर या वयात त्या तो घेऊन कुठं जातील?" थोडं चालून म्हणाले, "राग उतरू द्या. मग ऐकतो."

यादी प्रसिद्ध झाली. सरांच्या नोंदी मुख्य यादीत नव्हत्या. शेवटी वेगळ्या मथळ्याखाली होत्या: पडताळणी आवश्यक. सगळ्या. ज्यांच्याविषयी कुणालाच कधी शंका नव्हती त्याही. गल्लीत कुणाला काही कळलं नाही. मंडईत किडकी डाळिंबं मिळत राहिली. पण फुलपाखरांच्या हौशी लोकांचा मोबाइलवर एक गट होता, त्यात कुणीतरी लिहिलं की परभणीत आता डाळिंब आणि बांडगूळ यांचा संकर मिळू लागला आहे. खाली हसणारे चेहरे. सरांनी ते भिंग लावून वाचलं. मी म्हणालो, गटातून बाहेर पडा. ते म्हणाले, "बाहेर पडलं की सगळ्यांना दिसतं, अमुक बाहेर पडले म्हणून. गप राहिलेलं कुणाला दिसत नाही."

एकच मार्ग उरला होता. तीच जात पुन्हा मिळवायची आणि या वेळी सगळं उघड्यावर करायचं. जात खरी होती, पंख खरे होते. त्यांच्या मनात त्याबद्दल शंका नव्हती. पावसाळा संपल्यावर मी त्यांना घेऊन चारठाण्याला गेलो. जाळी मी धरली होती. कंडक्टर नवा होता, त्यानं काही विचारलं नाही. जिंतूरला उतरून पुढं जीपनं गेलो.

आंबा जागेवर होता. हिरवागार, साफ. एका फांदीवरही बांडगूळ नव्हतं. सरांना ते दिसत नव्हतं, ते मान वर करून विचारत होते, "पूर्वेच्या फांदीवर बघा. तिथं दाट असतं. मुंग्या दिसतात का?" मी सांगितलं नाही, पण मालक बांधावरून आला आणि त्यानं सांगितलं.

"सर, तुमी दोन साल आलाच न्हाईत. डोळ्याचं आप्रेशन झालं म्हणून कळलं. पोरानं मशीन लावून सगळं तोडून टाकलं. औंदा बघा आंबा कसा लागला."

"चांगलं केलं," सर म्हणाले.

"तुमचं ते काय होतं, ते कीडं, ते दुसरीकडं मिळंल की."

"मिळेल."

मालकानं चहा पाजला. परतीच्या जीपमध्ये सर एवढंच म्हणाले की झाडाला बरं वाटत असेल. त्यानंतर त्यांनी बरण्या रिकाम्या केल्या. पिंजरे धुऊन माळ्यावर टाकले. टेबल मात्र हललं नाही, आणि बाई त्याच्या पायाखालच्या वाट्या रोज सकाळी भरत राहिल्या. टेबलावर काही नव्हतं.

माझी बदली झाली. पुढची काही वर्षं पाथरीला किंवा परभणीला कामानिमित्त आलो की मी त्यांच्याकडं जात असे. सरांची स्मृती जात होती. आधी नावं गेली, मग रस्ते, मग माणसं. मला ते 'पेपरवाले' म्हणू लागले, तेही बाईंनी आठवण करून दिल्यावर. डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगितलं होतं. बाई एकट्या सगळं बघत. त्यांचे गुडघे आता फारच वाईट होते.

एका गोष्टीला मात्र विस्मृतीनं हात लावला नव्हता. किंवा असं म्हणता येईल की तिचा अर्धाच भाग नेला होता. सर दार उघडणाऱ्या प्रत्येक माणसाला, गॅसवाल्याला, औषध घेऊन येणाऱ्या नर्सला, शेजारच्या सुनेला सांगत, "मी एक खोटा नमुना केला होता. माझ्या नोंदी धरू नका." गॅसवाला म्हणायचा, "नाही धरत सर, इथं सही करा." त्यांना ते खरंच वाटत होतं. आपण खोटं बोलून कुणाला तरी वाचवलं होतं, हे ते विसरले होते. आपण खोटं केलं, एवढंच त्यांच्यापाशी राहिलं होतं.

शेवटचा गेलो ती दुपार होती. सर खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, हातात चहाचा कप. अंगावर इस्त्री केलेला शर्ट, सगळी बटणं लावलेली. मी समोर बसलो, तसं त्यांनी मलाही सांगितलं. आवाज खाली होता. मान वर करत नव्हते. "पंख एकाचे, पोट दुसऱ्याचं. मी चिकटवलं. लोकांना फसवलं."

बाई शेजारच्या स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी सरांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"अहो, ते मी केलंय. तुमी न्हाई केलं. पाणी आटलं होतं, मुंग्या लागल्या. मी चिकटवलं आन् तुमच्यापासून लपवलं."

सरांनी त्यांच्याकडं पाहिलं. ओळखीच्या नसलेल्या वयस्क बाईकडं बघावं तसं, अदबीनं.

"तुमचा स्वभाव चांगला आहे," ते म्हणाले. "पण माझं तुम्ही अंगावर घेऊ नका."

"रोज सांगते," बाई मला म्हणाल्या. "रोज असंच म्हणत्यात."

"लोक काय म्हणतील?" सर म्हणाले. "तुमच्या मिस्टरांना कळलं तर?"

बाईंनी त्यांच्या शर्टाची बाही सारखी केली.

"त्यांना ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "ती पुण्याची पोरगी आली त्या दिसापासून."

सर विचारात पडले. कपाळावर आठी आली. पूर्वी एखाद्या झडलेल्या पंखाकडं बघताना यायची तशी.

"मग ते तुमच्याशी बोलले का नाहीत?"

बाईंनी त्यांच्या हातातला कप काढून घेतला.

"गार झालाय," त्या म्हणाल्या. "गरम करून आणते."